गेमिंग पीसी घेताय? आधी घरची वायरिंग बघा: किती वॉट झेपतात आणि गाडी कुठे अडते

नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं की आपण एफपीएस बघतो, रे ट्रेसिंग बघतो, कार्ड कॅबिनेटमध्ये मावेल का ते बघतो. फार तर पॉवर सप्लाय पुरेल का, हेही बघतो. पण त्या पॉवर सप्लायची पिन भिंतीवरच्या ज्या पॉइंटमध्ये जाते, त्याच्या मागे कोणती वायर आहे हे सहसा कोणी विचारत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नाशिकला गंगापूर रोडला राहतो आणि मित्रांना पीसी जोडून द्यायचं काम हौसेनं करतो. त्यामुळे "एवढा मोठा पीसी घरच्या लाइटवर चालेल ना?" हा प्रश्न मला नेहमी येतो. थोडक्यात उत्तर असं: आपल्या २३० व्होल्टच्या घरात जवळपास कुठलाही गेमिंग पीसी चालतो. अडचण पीसीच्या एकूण वॉटची नसते. तो कोणत्या सर्किटवर लावलाय, त्याच सर्किटवर आणखी काय चालतं आणि वाटेतला सगळ्यात कच्चा जोड कोणता, यावर सगळं ठरतं. हे तिन्ही कसं तपासायचं ते या लेखात बघू.

पीसी खरंच किती वीज खातो?

आधी एक गैरसमज दूर करू. १००० वॉटचा पॉवर सप्लाय बसवला म्हणजे पीसी सतत १००० वॉट खातो असं नाही. तो आकडा म्हणजे सप्लाय जास्तीत जास्त किती देऊ शकतो. प्रत्यक्षात आतले पार्ट मागतील तेवढीच वीज भिंतीतून येते. मुख्य खाणारे दोन, ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर. कंपन्यांनी जाहीर केलेले काही आकडे बघा:

- आरटीएक्स ४०६०: ११५ वॉट
- आरटीएक्स ४०७०: २०० वॉट
- आरटीएक्स ४०९० (ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं): ४५० वॉट
- आरटीएक्स ५०९० (जानेवारी २०२५ मध्ये आलं): ५७५ वॉट
- इंटेल कोअर आय९ १४९००के प्रोसेसर: कमाल टर्बोमध्ये २५३ वॉट

यात मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंख्यांचे मिळून ५० ते १०० वॉट धरा. शिवाय पॉवर सप्लाय स्वतः थोडी वीज उष्णतेत घालवतो. चांगल्या गोल्ड दर्जाच्या सप्लायची कार्यक्षमता साधारण ९० टक्के असते. म्हणजे आत ८०० वॉट लागत असतील तर भिंतीतून ८९० च्या आसपास घेतले जातात.

आता अँपिअर काढू. सूत्र शाळेतलंच आहे: वॉट भागिले व्होल्ट.

- आरटीएक्स ४०६० वाला साधा पीसी, गेम चालू असताना सुमारे ३०० वॉट: १.३ अँपिअर
- ४०९० आणि आय९ वाला पीसी, दोन्हींवर पूर्ण ताण असताना सुमारे ९०० वॉट: ३.९ अँपिअर
- इस्त्री, १००० वॉट: ४.३ अँपिअर
- बाथरूमचा गीझर, २००० वॉट: ८.७ अँपिअर

म्हणजे ४०९० आणि आय९ वाला दांडगा पीसीसुद्धा गीझरच्या निम्म्याहून कमी करंट घेतो. मग प्रश्न कुठे येतो? गीझरला स्वतःची जाड वायर असते, मोठा पॉवर पॉइंट असतो आणि तो वीस मिनिटांत बंद होतो. पीसी मात्र बेडरूमच्या साध्या बोर्डवर लागतो, त्याच बोर्डवर पंखा, ट्यूब, मोबाइल चार्जर, राउटर असतात आणि रविवारी तो सलग सहा तास चालतो.

अमेरिकन व्हिडिओंचा हिशेब इथे लावू नका

यूट्यूबवर "हा पीसी घराचा ब्रेकर पाडतो" असे व्हिडिओ खूप आहेत. ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे घरातल्या साध्या पॉइंटवर १२० व्होल्ट येतात आणि खोलीचं सर्किट बहुधा १५ अँपिअरचं असतं. १२० गुणिले १५ म्हणजे १८०० वॉट. सलग काही तास चालणारा लोड याच्या ८० टक्क्यांपर्यंत ठेवायचा, असा तिथला नियम आहे. म्हणजे हातात उरतात १४४० वॉट.

आपल्याकडे १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर २३० गुणिले १६, म्हणजे ३६८० वॉटपर्यंत जाता येतं. साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर १३८० वॉट. कागदावर आपण आरामात आहोत. पण हे आकडे फक्त सॉकेटचे आहेत. सॉकेटमागची वायर आणि एमसीबी तेवढ्या ताकदीची असेलच असं नाही. आपल्याकडची खरी मेख तिथेच आहे.

मीटरपासून पिनपर्यंतची साखळी

तुमच्या पीसीपर्यंत वीज या क्रमानं येते: मीटर, मेन स्विच, डीबी म्हणजे एमसीबींची पेटी, भिंतीतली वायर, खोलीतला बोर्ड, पॉइंट, असल्यास एक्स्टेन्शन आणि शेवटी पीसीची केबल.

भिंतीतल्या तांब्याच्या वायरला इलेक्ट्रिशियन "एकची", "दीडची", "अडीचची" म्हणतात. हे वायरच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ आहे, चौरस मिलिमीटरमध्ये. पाइपातून नेलेल्या वायरची क्षमता कंपनी आणि फिटिंगनुसार साधारण अशी असते:

- १ ची वायर: ११ ते १२ अँपिअर
- १.५ ची वायर: १४ ते १६ अँपिअर
- २.५ ची वायर: १८ ते २२ अँपिअर
- ४ ची वायर: २४ ते २९ अँपिअर

नेहमीची पद्धत अशी की लाइट, पंखे आणि लहान पॉइंटला १ किंवा १.५ ची, पॉवर पॉइंटला २.५ ची आणि एसी-गीझरला २.५ किंवा ४ ची वायर टाकतात.

आता महत्त्वाचं. आयएस ७३२ हे आपल्याकडचं वायरिंगचं भारतीय मानक. त्यात चालत आलेला नियम असा की लाइट-पंख्याच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि लोड ८०० वॉटपर्यंतच धरावा. बेडरूमच्या बोर्डवरचे छोटे तीन पिनचे पॉइंट बहुतेक घरांत याच सर्किटवर असतात. ते टीव्ही आणि चार्जरसाठी दिलेले असतात. म्हणजे ९०० वॉटचा पीसी एकटाच त्या अख्ख्या सर्किटचा हिशेब ओलांडतो.

एमसीबी पडते तेव्हा ती काय सांगत असते?

गंगापूर रोडला नवे टॉवर आहेत तसे आतल्या कॉलन्यांमध्ये जुने बंगले आणि रो हाउसही आहेत. अशाच एका रो हाउसमध्ये राहणाऱ्या माझ्या मित्रानं गेल्या वर्षी पीसी अपग्रेड केला. गेम खेळताना सुमारे ५५० वॉट घेणारा. काकूंनी शेजारच्या खोलीत इस्त्री लावली की पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही खोल्यांचा लाइट जायचा. घरात रोज वाद. इस्त्री आधी की रँक्ड मॅच आधी?

हिशेब केला तर पीसी २.४ अँपिअर, इस्त्री ४.३, मॉनिटर-पंखे-लाइट मिळून १ च्या आसपास. एकूण पावणेआठ. दोन्ही खोल्या मिळून एकच ६ अँपिअरची एमसीबी होती. मग ती लगेच का पडत नव्हती? कारण एमसीबीमध्ये दोन यंत्रणा असतात. थोडा जास्त करंट असेल तर आतली द्विधातूची पट्टी हळूहळू तापून वाकते आणि मग एमसीबी पडते. प्रमाण असं आहे की रेटिंगच्या १.१३ पटीला तासभर पडायला नको आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडायलाच हवी. इथे करंट सुमारे १.३ पट होता, म्हणून थोडा वेळ लागायचा. दुसरी यंत्रणा चुंबकीय, ती शॉर्टसर्किटसारख्या मोठ्या झटक्याला क्षणात पाडते.

आलेल्या इलेक्ट्रिशियननं सोपा उपाय सुचवला, "वीसची एमसीबी टाकून देतो, परत पडणार नाही." काका म्हणाले, "आधी बोर्ड उघडून तर बघा." बोर्ड उघडला. आत १ ची वायर होती आणि न्यूट्रलच्या स्क्रूजवळ तिचं इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालं होतं.

२० ची एमसीबी टाकली असती तर काय झालं असतं? ती २२-२३ अँपिअरलासुद्धा तासभर पडली नसती. वायरची क्षमता ११-१२. म्हणजे पीसी, इस्त्री आणि थंडीत एखादा हीटर एकत्र चालला असता तर एमसीबी गप्प राहिली असती आणि भिंतीतली वायर तापत राहिली असती. आईची इस्त्री आणि मुलाचा गेम यांच्या वादात घर पेटायची सोय झाली असती.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा: एमसीबी तुमच्या पीसीसाठी नसते, ती वायरसाठी असते. वायर न बदलता एमसीबीचा आकडा वाढवायचा नाही. मित्राच्या घरी शेवटी डीबीपासून २.५ ची वेगळी लाइन ओढली, तिला स्वतंत्र १६ ची एमसीबी दिली आणि टेबलामागे १६ अँपिअरचा पॉइंट बसवला. करपलेला तुकडा बदलला. आता इस्त्री आणि मॅच एकाच वेळी चालतात.

एक वेगळी तक्रारही येते. पीसीचं बटण दाबताक्षणी किंवा पॉइंट चालू करताक्षणी एमसीबी पडते. त्या वेळी पॉवर सप्लायमधले कपॅसिटर भरताना क्षणभर मोठा करंट ओढला जातो. बी प्रकारची एमसीबी रेटिंगच्या ३ ते ५ पट करंटला क्षणात पडते, सी प्रकारची ५ ते १० पटीला. अशा वेळी तेवढ्याच अँपिअरची सी प्रकारची एमसीबी चालेल का, हे लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनला विचारा. एमसीबीवर बी १० किंवा सी १० असं लिहिलेलंच असतं.

ढिला जोड, एक्स्टेन्शन आणि कन्व्हर्टर

वायर जाड असली तरी जोड ढिला असेल तर उपयोग नाही. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा एखाद्या ढिल्या सॉकेटमध्ये अर्धा ओहम रोध तयार झालाय. २ अँपिअरला तिथे २ वॉट उष्णता तयार होईल. ४ अँपिअरला ८ वॉट. करंट दुप्पट, उष्णता चौपट. प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत तासन्‌तास ८ वॉट म्हणजे पिन काळी पडणं, जळका वास येणं आणि मग सॉकेट वितळणं.

म्हणून तासभर गेम खेळल्यावर पीसी बंद करा, बटण बंद करून पिन काढा आणि पिनच्या प्लॅस्टिकला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर सॉकेट बदलायला हवा.

मोठ्या पॉवर सप्लायसोबत काही वेळा जाड, १६ अँपिअरची पिन असलेली केबल येते. घरात तसा पॉइंट नसला की दुकानातून मोठी पिन छोट्या पॉइंटमध्ये बसवणारा स्वस्त कन्व्हर्टर आणला जातो. करंट कमी असेल तेव्हा ते चालतंही. पण तो कन्व्हर्टर पॉइंटमध्ये लोंबकळत राहतो, पकड ढिली होते आणि वरचं ८ वॉटचं गणित सुरू होतं. पॉइंटच १६ चा करून घेणं हा सरळ मार्ग.

एक्स्टेन्शन वापरायचाच असेल तर तारेवर ०.७५ किंवा १ चौरस मिमी असं काय छापलंय ते बघा, तार गुंडाळून ठेवू नका आणि एका एक्स्टेन्शनमध्ये दुसरा लावू नका.

अर्थिंग: केसला हात लावल्यावर मुंग्या येतात का?

पीसीच्या लोखंडी कॅबिनेटला किंवा यूएसबीच्या टोकाला हात लावला की हलक्या मुंग्या येतात, हे अनेकांनी अनुभवलेलं असतं. बरेच जण "स्टॅटिक आहे" म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यातून येणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर जवळपास निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो आणि तो करंट तुमच्या बोटातून जातो.

तो करंट फार कमी असतो, त्यानं सहसा इजा होत नाही. धोका पुढचा आहे. उद्या सप्लायमध्ये खरा बिघाड होऊन फेज कॅबिनेटला चिकटला, तर वाचवणारी अर्थची तार तिथे नाही, एवढं या मुंग्या सांगतात. जुन्या घरांत तिसरं छिद्र असतं पण त्याला तार जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनकडून फेज ते अर्थ व्होल्टेज मोजून घ्या. ते फेज ते न्यूट्रलच्या जवळपास यायला हवं.

सोबत डीबीत आरसीसीबी आहे का बघा. ३० मिलिअँपिअर लिहिलेली, टेस्ट बटण असलेली. माणसाला शॉक बसत असेल तर लाइन तोडते ती हीच. एमसीबी ते काम करत नाही.

मंजूर भार आणि बिल

महावितरणच्या बिलावर "मंजूर भार" असा रकाना असतो, किलोवॉटमध्ये. तुमच्या घरासाठी किती लोड धरलाय, तो आकडा. बिल हातात नसेल तर महावितरणच्या मोबाइल ॲपमध्ये दिसेल. जुन्या कनेक्शनला अनेकदा हा आकडा एसी येण्याआधीच्या काळातला असतो. दीड टनाचा एसी सुमारे १६०० वॉट, गीझर २०००, पीसी ५००, हे एकत्र आले की चार किलोवॉट ओलांडतात. मंजूर भार १ किंवा २ असेल तर वाढवून घ्या, अर्ज ऑनलाइन करता येतो. तुमच्या भागातल्या ट्रान्सफॉर्मरचं नियोजन याच आकड्यांच्या बेरजेवर होतं. सगळ्यांनी तो कमी दाखवला तर मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं ते सगळ्यांचंच.

आणि व्होल्टेज पडलं की पीसी कमी वीज घेत नाही, करंट जास्त ओढतो. ५०० वॉटला २३० व्होल्टवर २.२ अँपिअर लागतात, १९० वर २.६. बहुतेक चांगले सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे त्यांना वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज सहसा नसते. ताण येतो तो वायरवर.

बिलाचं गणित सोपं आहे. ५०० वॉट रोज चार तास म्हणजे २ युनिट, महिन्याला ६०. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. घराचा वापर २६० युनिट असेल आणि पीसीमुळे ३२० झाला, तर वरचा दर फक्त शेवटच्या २० युनिटना लागतो, सगळ्या बिलाला नाही. पीसीनं घेतलेली जवळपास सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणून येते, म्हणून उन्हाळ्यात एसीचंही काम वाढतं. तो खर्च वेगळा धरा.

यूपीएस आणि इन्व्हर्टर

यूपीएसवरचा मोठा आकडा व्हीए असतो, वॉट नाही. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉट देतो, ११०० व्हीएचा ६६० वॉट. गेम चालू असताना लाइट गेला आणि यूपीएस चीं करून बंद पडला, तर कारण बहुधा हेच. शिवाय ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या रेटिंगच्या वर उडी मारतं, त्यामुळे थोडी जागा मोकळी ठेवा. आधुनिक सप्लायसाठी प्युअर साइन वेव्ह यूपीएस घ्या.

घरचा इन्व्हर्टर १५० एएचच्या बॅटरीवर असेल तर १२ गुणिले १५०, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. त्यातले सगळे वापरता येत नाहीत. ५०० वॉटचा पीसी ती बॅटरी दोन-अडीच तासांत संपवेल आणि घरचे अंधारात बसतील. इन्व्हर्टरवर गेम सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरताच वेळ घ्या.

खरेदीआधी हे तपासा

१. मोबाइलवर डीबीचा फोटो काढा. कोणती एमसीबी कोणत्या खोलीची, किती अँपिअरची, बी की सी, हे लिहून ठेवा.

२. ज्या पॉइंटवर पीसी लावणार, त्याची एमसीबी पाडा आणि घरात आणखी काय काय बंद झालं ते बघा. ती सगळी उपकरणं पीसीची भागीदार आहेत.

३. त्या सगळ्यांचे वॉट पीसीच्या वॉटमध्ये मिळवा आणि २३० नं भागा. उत्तर एमसीबीच्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या आत असू द्या.

४. लाइटच्या सर्किटवर ८०० वॉटच्या वर जात असाल तर डीबीपासून २.५ ची वेगळी लाइन आणि १६ अँपिअरचा पॉइंट करून घ्या.

५. अर्थिंग मोजून घ्या, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा.

६. बिलावरचा मंजूर भार बघा.

कॉलेजसाठी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर भिंतीतली लाइन बदलणं तुमच्या हातात नाही. तिथे किचनमधला किंवा एसीसाठी दिलेला रिकामा १६ चा पॉइंट शोधा आणि टेबल तिकडे हलवा. तसा पॉइंट नसेल तर सॉफ्टवेअरमधून ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट ७० ते ८० टक्क्यांवर आणा. एफपीएस थोडे कमी होतील, पण वॉट त्याहून बरेच जास्त उतरतील.

डीबी किंवा बोर्ड स्वतः उघडू नका, ते काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनचं. पीसीचं बजेट मांडताना मात्र वेगळ्या लाइनचा खर्च पहिल्या दिवसापासून यादीत धरा आणि कार्ड घरी यायच्या आधी ती ओढून घ्या.